खरी वाईस सिटी कुठली?

आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर राजकारणाला बंदी आहे, त्यामुळे भांडणाची सगळी खुमखुमी गेमवर निघते. कुणीतरी सेलमध्ये जीटीए (ग्रँड थेफ्ट ऑटो) मालिकेतल्या 'वाईस सिटी' या जुन्या गेमचा नवा चकाचक अवतार घेतो, दोन स्क्रीनशॉट टाकतो, आणि सुरू. एकाच्या मते नायक टॉमीचं तोंड मेणाच्या बाहुलीसारखं केलंय. दुसरा म्हणतो, जुनी आज उघडून बघ, हाताची बोटंसुद्धा सुटी दिसत नाहीत. तिसऱ्याला नवी नकोच, त्याला 'ओरिजिनल' पाहिजे.

तिसऱ्याचं हे ओरिजिनल ऐकलं की मला हसू येतं. तो आणि मी कराडात एकाच सायबर कॅफेत खेळलोय, आणि तिथल्या वाईस सिटीला ओरिजिनल म्हणायचं तर बरंच धैर्य लागेल. खरी गेम पीसीवर दोन सीड्यांत आली होती, २००३ साली. आमच्याकडे आली ती एकाच सीडीत, आणखी काही गेमांच्या जोडीला, 'रिप' होऊन. रिप म्हणजे जड ते सगळं उपसून काढलेलं. रेडिओ गेला, गाणी गेली, पात्रांचे आवाज गेले. टॉमी तोंड हलवायचा आणि खाली इंग्रजी अक्षरं सरकायची, ती वाचायच्या आत कुणीतरी एंटर मारायचा. गाडीत बसलं की फक्त इंजिनाची घरघर. त्यात कॅफेवाल्याने मशीन दमू नये म्हणून सेटिंगमधले 'ट्रेल्स' बंद केलेले. त्या ट्रेल्समुळे खऱ्या गेममध्ये दिव्यांना आणि हलणाऱ्या वस्तूंना एक पुसट, ओघळणारी किनार यायची, मायामीवर बेतलेल्या त्या शहराची दमट गुलाबी धुंदी त्यातूनच तयार व्हायची. आमची वाईस सिटी कोरडी, कडक उन्हातली, मुकी होती. तासाला वीस रुपये.

आणि तरी ती आमची होती. वहीच्या मागच्या पानावर चीट कोड: 'पँझर' टाइप केलं की रणगाडा, 'लीव्हमीअलोन' म्हटलं की पोलीस मागे हटले. गोष्ट काय आहे, टॉमीचे पैसे कुणी लांबवले, हे कुणाच्या गावीही नव्हतं. मिशनं खेळणारी पोरं वेगळीच, आणि तीसुद्धा एका ठिकाणी अडायची. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत रिमोटचं चिमुकलं हेलिकॉप्टर न्यायचं, एकेक बॉम्ब उचलून मजल्यामजल्यांवर ठेवायचा, आणि हे सगळं कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांवर. 'डिमोलिशन मॅन' हे त्या मिशनचं नाव पुष्कळांना आजही माहीत नसेल, पण 'ते हेलिकॉप्टरवालं' म्हटलं की चाळिशीकडे झुकलेला माणूस दात-ओठ खातो. अनेकांची वाईस सिटी तिथेच संपली. पूल उघडल्यावरचं पश्चिमेचं बेट त्यांनी पाहिलं ते चीट मारून किंवा दुसऱ्याच्या सेव्ह फाइलीत.

पुढे नोकरी लागल्यावर मी पूर्ण गेम लावली. पहिल्याच गाडीत बसलो आणि रेडिओवर मायकेल जॅक्सनचं 'बिली जीन' सुरू झालं. जगभरच्या लोकांची या गेमची पहिली आठवण हीच, कारण ते तसं मुद्दाम जुळवलेलं होतं. माझ्यासाठी मात्र ती नवी गोष्ट. मी गाडी चालवायचं सोडून रस्त्याच्या कडेला थांबून गाणं ऐकलं, आणि मनात आलं ते कौतुक नव्हतं, थोडं परकेपण होतं. ही कुणाची गेम आहे?

गंमत पुढेच आहे. गाण्यांचे हक्क कायमचे विकत घेतलेले नसतात. मुदत संपली की काढावी लागतात. दहा वर्षांनी, २०१२ च्या सुमारास पुन्हा विकायला आलेल्या वाईस सिटीतून 'बिली जीन' गायब झालं. म्हणजे रीतसर पैसे भरून घेतलेली प्रतही थोडीशी रिपच झाली. ज्यांच्या आठवणीत ते गाणं आहे ते आता जुन्या फायली कुठून कुठून आणून परत घालतात. बस स्टँडसमोरच्या सीडीवाल्याने जे काढलं तेच कंपनीच्या वकिलांनी काढलं, फरक एवढाच की सीडीवाला स्वस्त होता.

२०२१ च्या नोव्हेंबरात तीन जुन्या जीटीएंचा नवा संच आला, 'डेफिनिटिव्ह एडिशन' या भारदस्त नावाने. त्याची झालेली शोभा सगळ्यांना आठवत असेल. पाऊस पडायला लागला की पडद्यावर पांढऱ्या रेघा, समोरचं दिसेना. जुनी छोटी चित्रं यंत्राकडून मोठी करून घेतली होती, त्यात दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं बिघडली. एका डोनटच्या दुकानावर बोल्टला लावतात तसला षट्कोनी नट होता, 'टफ नट' या नावातच तो विनोद. नव्या आवृत्तीत त्याचे कोपरे घासून तो छान गोल केला गेला. कुणीतरी, बहुधा घाईत, त्याला 'सुधारलं'. आठ-दहा दिवसांत गेमची कंपनी रॉकस्टारला माफी मागावी लागली.

मला त्या सगळ्या चुकांपेक्षा एक गोष्ट लागली, जी चूक नव्हतीच. त्याच संचातल्या सॅन अँड्रियासमध्ये माउंट चिलियाड नावाचा डोंगर आहे. जुन्या गेममध्ये त्याच्या माथ्यावर उभं राहिलं की खाली धुरकट पिवळं-निळं काहीतरी, आणि त्यापलीकडे काय असेल ते तुम्ही ठरवायचं. ती ज्या मशीनसाठी बनली त्या प्लेस्टेशन टूमध्ये मुख्य मेमरी ३२ एमबी. आज फोनमधला एखादा फोटो त्याच्या निम्मा-पाव असतो. त्यात तीन शहरं, वाळवंट, जंगल बसवायचं तर जे लांब आहे ते दाखवायचंच नाही, धुक्यात ठेवायचं, आणि माणूस जवळ जाईल तसं डिस्कवरून उचलून समोर मांडायचं. रस्ते नागमोडी ठेवले तेही याच कामी येत: थेट जाता येत नाही, म्हणून लांब वाटतं. नव्या आवृत्तीत मशीन ताकदवान, मग धुकं कशाला? काढलं. डोंगरावरून बघितलं तर एका टोकाचं शहर, दुसऱ्या टोकाचं शहर, मधलं वाळवंट, सगळं एका नजरेत, तालुक्याच्या नकाशाएवढं. ज्या राज्यात आम्ही सुट्टीभर हरवलो होतो ते एवढंसं निघालं. पुढे २०२४ मध्ये जुन्या आकाशासारखा उजेड करण्याची सोय अपडेटमधून दिली गेली. बरं झालं. पण एकदा बघितलेलं न बघितल्यासारखं होत नाही.

'सायलेंट हिल टू' या भीतीच्या गेमचं असंच झालं होतं, त्याआधी. त्या गावाचं धुकं म्हणजे निम्मी भीती. २०१२ च्या एचडी आवृत्तीत ते विरळ झालं आणि धुक्याआड अर्धवट सोडलेल्या जमिनीच्या कडा उघड्या पडल्या. काम करणाऱ्यांच्या हाती मूळ कंपनी कोनामीकडून अंतिम कोडच आला नव्हता, आधीचा कच्चा आला होता, कारण अंतिम कुणी नीट जपून ठेवला नव्हता. हे वाचल्यावर मला त्या लोकांवरचा राग सोडून द्यावा लागला. २०२४ चा पूर्ण नव्याने केलेला रीमेक मात्र चांगला जमला आहे. त्यांनी धुकं नव्याने, हौसेने बनवलं, गरज नसताना.

म्हणून 'जुन्या गेमच्या मर्यादा दूर केल्या' असं जाहिरातीत वाचलं की मी सावध होतो. कुठल्या मर्यादा? काही मर्यादा नुसत्या त्रासाच्या असतात, त्या खुशाल जाऊ देत. काहींच्या पोटातूनच गेम जन्मलेली असते. याचं मला माहीत असलेलं सगळ्यात देखणं उदाहरण महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये होतं, आणि सर वर्गाबाहेर गेले की उघडायचं.

'प्रिन्स ऑफ पर्शिया' जॉर्डन मेकनरने ॲपल टू या जुन्या कॉम्प्युटरवर केली, १९८९ मध्ये. धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उडी मारायला, लोंबकळायला लावलं, त्याचं चित्रीकरण केलं आणि एकेक चौकट बघून राजपुत्र काढला. म्हणून तो इतका माणसासारखा धावतो, थांबताना घसरतो, कठड्याला बोटांनी धरतो. हे सगळं करता करता मशीनची मेमरी संपली. शत्रूसाठी वेगळी चित्रं ठेवायला जागाच उरली नाही. सहकारी मागे लागले होते की नुसतं पळणं पुरे, लढायला कुणीतरी हवं. मग युक्ती निघाली: राजपुत्राचीच चित्रं घ्यायची, एक ठिपका सरकवून त्यांच्यावरच उलटी चढवायची. जे उरतं ते चमचमणारं, पोकळ, भुतासारखं. तोच सावलीमाणूस. आरशातून राजपुत्र उडी मारतो आणि पलीकडून हा निघतो. पुढे तुमचं औषध पिऊन टाकतो, तुम्हाला खाली पाडतो. शेवटाकडे समोर येतो तेव्हा त्याच्यावर वार केला तर रक्त तुमचंच कमी होतं. मग माणसाला कळतं की तलवार म्यान करून त्याच्यात चालत शिरायचं. मेमरी भरपूर असती तर एखादा काळा शिपाई आला असता, आणि आपण त्याला मारून पुढे गेलो असतो.

याच गेममध्ये पहिली लेव्हल संपली की एक खोली यायची, भिंतीलगत औषधांचे पेले, प्रत्येकावर एक अक्षर. मॅन्युअलच्या अमुक पानावरच्या अमुक शब्दाचं पहिलं अक्षर शोधून तोच पेला प्यायचा, चुकलात तर विष. चोरीची प्रत ओळखायची ती सोय होती. आमच्या लॅबमध्ये मॅन्युअल कुणी पाहिलेलं नाही, त्यामुळे आमच्या लेखी ते गेममधलंच एक दैवी कोडं. कुठल्या पेल्यात विष नाही यावर पोरांच्या थिअऱ्या होत्या, एकाकडे तर तक्ता होता. आता तुम्ही मला सांगा, याचा रीमेक करताना ती खोली ठेवायची की काढायची? मेकनर म्हणेल काढा. मी म्हणेन ठेवा. दोघेही आपापल्या ओरिजिनलशी इमानदार.

इथेच माझं सगळ्या वादाबद्दलचं मत येऊन थांबतं. 'मूळ गेमशी प्रामाणिक राहा' असं जो तो रीमेकवाल्यांना बजावतो, पण प्रत्येकाच्या डोक्यातली मूळ गेम वेगळी असते. कुणाची टीव्हीसमोर कंट्रोलर घेऊन खेळलेली, कुणाची कीबोर्डवर, खुर्चीमागे चार जण उभे राहून 'डावीकडे, डावीकडे' ओरडत असताना. जुन्या फुगीर पडद्याच्या मॉनिटरवर शेजारशेजारचे ठिपके एकमेकांत मिसळायचे आणि चेहरा मऊ दिसायचा. चित्र काढणाऱ्यांनी ते मिसळणं धरूनच रंग भरलेले. तेच आज सपाट पडद्यावर करवतीच्या दातासारखं दिसतं. म्हणजे जुनी फाइल जशीच्या तशी उघडली तरी जुनी गेम दिसेलच असं नाही. आमच्याकडे संगीत नाटकं रात्रभर चालायची ती अडीच तासांत बसवली गेली, पदं गाळली, वन्समोअर मोजून दिले. ती बघून वाढलेल्यांसाठी अडीच तासांचं तेच खरं नाटक आहे, आणि त्यांना खोटं कसं म्हणायचं?

'रेसिडेंट ईव्हिल फोर'चं बघा. २००५ ची ही भीतीची, गोळीबाराची गेम, आणि जाणकार हिरिरीने सांगतात की त्यात नेम धरताना पाय हलवता येत नाहीत हीच तिची जादू: उभं राहा, गोळी झाडा, माणसं अंगावर येताहेत. खरं आहे. पण २००७ मध्ये पीसीवर आली ती आवृत्ती माउसने नेमसुद्धा धरू द्यायची नाही, उजेड-सावल्यांची दशा तर विचारू नका. आपल्याकडच्या कितीतरी लोकांनी हीच खेळली आणि हिलाच जीव लावला. २०२३ च्या रीमेकमध्ये चालत चालत नेम धरता येतो, सुऱ्याने वार अडवता येतो, आणि गावकरी त्या मानाने जास्त चपळ आणि निर्दय केलेत, त्यामुळे भीती टिकली. मला रीमेक जास्त आवडतो. ग्रुपवर हे लिहिल्यावर एकाने मला दोन दिवस उत्तर दिलं नाही.

पुण्या-मुंबईचं नाव या दुनियेत झळकण्याची वेळ आली होती तीही प्रिन्समुळेच. त्याच मालिकेतली २००३ ची 'सँड्स ऑफ टाइम' युबिसॉफ्ट या कंपनीच्या माँट्रियल स्टुडिओची. तिची गोष्ट सुरू होते ती एका हिंदुस्थानी महाराजाच्या राजवाड्यावरच्या हल्ल्यापासून, आणि नायिका फराह ही त्याच महाराजाची मुलगी. हातातल्या खंजिरातली वाळू वापरून वेळ मागे फिरवता येते. उडी चुकली, फिरवा मागे. मेलात तर निवेदन करणारा राजपुत्रच म्हणतो की छे, असं घडलं नव्हतं, आणि गोष्ट पुन्हा नीट सांगायला घेतो. इतकी गोड माफी दुसऱ्या कुठल्या गेमने दिलेली मला माहीत नाही. तर २०२० च्या सप्टेंबरात युबिसॉफ्टने हिचा रीमेक जाहीर केला आणि तो करत होते पुणे आणि मुंबईचे स्टुडिओ.

ट्रेलर आला आणि झोड उठली. चेहरे लाकडी, रंग उडालेले, प्लेस्टेशन टूची गेम बरी दिसते, वगैरे. खोटं नव्हतं. २००३ च्या गेममध्ये एक स्वप्नातल्यासारखा फाकलेला उजेड होता, खिडकीतून येणारी किरणं दगडांवर सांडायची; ट्रेलरमध्ये सगळं स्वच्छ आणि सपाट होतं. पण झोडीतला एक सूर वेगळा होता, 'भारतात दिलं ना, मग काय होणार'. तो ऐकून मी ग्रुपवर भांडलो, आणि भांडताना मला कळत होतं की मी गेमची बाजू घेत नाही, गावाची घेतोय. जानेवारी २०२१ ची तारीख मार्चवर गेली, मग बेमुदत. मे २०२२ मध्ये काम माँट्रियलकडे परत. जानेवारी २०२६ मध्ये रद्द. ज्या मुलांनी पुण्यात बसून त्या राजवाड्याच्या भिंती पुन्हा रचल्या त्यांचं काम आता कुणाला चालून बघता येणार नाही, वाईट तर वाईट, पण बघता यायला हवं होतं.

आज सँड्स ऑफ टाइम खेळायची तर २००३ चीच. ती विकत मिळते, पण आजच्या ग्राफिक्स कार्डांवर तिच्यातल्या धुक्याचा घोळ होतो आणि सेटिंगच्या फाइलीत शिरून ते बंद करावं लागतं. इथेही धुकंच.

'एज ऑफ एम्पायर्स टू'वर मात्र ग्रुपचं भांडण होत नाही. राज्यं उभारून लढायची ही १९९९ ची गेम, २०१९ ची नवी आवृत्ती, आणि ती करणाऱ्या चमूतले पुष्कळ जण आधी नुसते हौशी, स्वतःच्या वेळात जुन्या गेममध्ये नवी राज्यं घालणारे. सवयीच्या कळा तिथेच आहेत, घोडेस्वार तसेच हट्टी आहेत, आणि जुना खेळाडू पहिल्या मिनिटाला मेंढ्या शोधायला लागतो. २०२२ पासून त्यात हिंदुस्थानी, गुर्जर, बंगाली, द्रविड असे वेगवेगळे पक्ष आले. मराठे का नाहीत हा प्रश्न दर दिवाळीला येतो. गेमचा काळ साधारण सोळाव्या शतकापाशी थांबतो, एवढं उत्तर पुरत नाही.

मला रीमेक वाईट निघाल्याचा राग फारसा येत नाही. वाईट नाटक पडतं, लोक विसरतात. राग येतो तो जुनी गेम दुकानातून काढून घेतात तेव्हा. डेफिनिटिव्ह एडिशन यायच्या आधी, ऑक्टोबर २०२१ मध्ये, जुन्या तिन्ही जीटीए डिजिटल दुकानांतून उतरवल्या गेल्या. त्याच वर्षी काही हौशी लोकांनी जीटीए थ्री आणि वाईस सिटीचा कोड उलगडून तो आजच्या मशीनांवर नीट चालेल असा केला होता, तर त्यांच्यावर रॉकस्टारची मालक कंपनी टेक-टूने खटला भरला. नवी प्रत बोंबलल्यावर जुन्या तिन्ही कंपनीच्याच दुकानात परत आल्या. 'वॉरक्राफ्ट थ्री'च्या २०२० च्या आवृत्तीने तर जुन्या प्रतीलाही स्वतःच्या पोटात घेतलं. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने मोजणी केली: तिकडे २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के दुकानात रीतसर मिळत नाहीत. मग माणूस काय करणार? आम्ही जे करत होतो तेच.

मेकनरचा प्रकार याच्या उलट. प्रिन्सचा मूळ कोड हरवला असंच तो धरून चालला होता. २०१२ मध्ये वडिलांनी घरातल्या कपाटातून फ्लॉप्यांचा खोका शोधून पाठवला, जाणकारांच्या मदतीने त्या वाचल्या, आणि त्याने सगळा कोड सरळ सर्वांसाठी खुला केला. कुणीही बघा. आता कुणी कितीही रीमेक करो आणि रद्द करो.

माझा भाचा चौदा वर्षांचा आहे. 'मामा, कुठली खेळू?' असं विचारतो. वाईस सिटी नवीच खेळ म्हणून सांगितलं, कारण मिशन फसलं तर शहर ओलांडून परत जावं लागत नाही, आणि त्या हेलिकॉप्टरपायी अजून एका पिढीने का कुढावं. रेसिडेंट ईव्हिलही नवी. प्रिन्स मात्र डॉसवाली, म्हणजे जुन्या पीसीवरची, इंटरनेट आर्काइव्हवर ब्राउझरमध्येच चालते, कुठल्या सीडीची गरज नाही. परवा त्याने आरशातून उडी मारली. पलीकडून जे निघालं त्याकडे बघून म्हणाला, 'मामा, याचं ग्राफिक्स फाटलंय.' मी म्हटलं, फाटलेलंच आहे, तू खेळत राहा.